डी ड्राइव्हवरचं लग्नाच्या फोटोंचं १८० जीबीचं फोल्डर डिलीट झालं, परत कसं काढायचं?

नेरचा_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात नेर तालुक्यातल्या गावात फोटो स्टुडिओ अन् ऑनलाइन फॉर्मचं केंद्र एकाच दुकानात आहे. डेस्कटॉप, विंडोज १०. सी ड्राइव्ह २४० जीबीच्या एसएसडीवर. दुसरी १ टीबीची ३.५ इंची साधी हार्ड डिस्क, तिचे दोन भाग: डी ६०० जीबी, उरलेला ई.

डी वर जागा करताना या लग्नसराईचं चालू फोल्डरच डिलीट झालं. १८० जीबीच्या आसपास. "रिसायकल बिनमध्ये मावत नाही, कायमचं काढायचं का" असं विचारलं, त्यावर येस दाबल्या गेलं. आत जेपीजी, कॅननच्या सीआर२ फाइली, एमपी४ व्हिडिओ, अल्बमच्या पीएसडी अन् बुकिंगच्या हिशेबाची एक एक्सेल होती.

त्यानंतर डी वर मुद्दाम काही टाकलं नाही, पण संगणक अर्धा तास चालू होता. मग लाइन गेली. परत सुरू केला तेव्हा काळ्या स्क्रीनवर डी ड्राइव्ह तपासायचा म्हणून आलं, ते बटण दाबून टाळलं. आता बंद आहे.

इंटरनेट फक्त मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. घरी लॅपटॉप आहे, अन् ५०० जीबीची एक्स्टर्नल डिस्क, अर्धी भरलेली. हे इथंच होण्यासारखं आहे की नागपूरला डिस्क न्यावी लागेल? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

पांढरं_सोनं

रिकुव्हा टाका भाऊ, मोफत आहे. डी ड्राइव्ह निवडा, डीप स्कॅनवर टिक करा, रात्रभर चालू द्या. हिरवा गोल दिसेल त्या फाइली चांगल्या, लाल म्हणजे गेल्या.

डिस्कघर_अमरावती

रिकुव्हा वाईट नाही, पण आत्ता त्या डेस्कटॉपवर काहीच टाकू नका आणि तो विंडोजमध्ये सुरूही करू नका. कारण नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

एनटीएफएस म्हणजे विंडोजची ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत. अशा ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची एक नोंद असते. या नोंदींच्या तक्त्याला एमएफटी म्हणतात. एक नोंद सहसा १ केबीची. त्यात फाइलचं नाव, तारखा आणि तिचा मजकूर डिस्कवर कोणकोणत्या तुकड्यांत पडला आहे त्याचे पत्ते असतात. डिलीट केल्यावर त्या नोंदीवर "मोकळी" असा शिक्का बसतो आणि ती जागा रिकामी म्हणून दाखवली जाते. मजकूर तसाच पडून राहतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेत जागचं हलत नाही, तसंच.

घोळ पुढे होतो. विंडोज नवी फाइल बनवते तेव्हा आधी अशा मोकळ्या नोंदी वापरते. म्हणजे पाच-दहा केबीच्या बारक्या फाइली बनल्या तरी तुमच्या फोटोंची नावं आणि पत्ते पुसले जातात, फोटो मात्र अजून डिस्कवर असतो. नाव आधी जातं, मजकूर नंतर. आणि मोठी फाइल तिथे पडली तर मजकूरही गेला.

"मी काही कॉपी केलं नाही" हे पुरेसं नाही. विंडोज स्वतःहून लिहीत राहते. हार्ड डिस्कचं डिफ्रॅग आठवड्यातून एकदा आपोआप लागतं, आणि डिफ्रॅग म्हणजे फाइली उचलून रिकाम्या जागेत नेऊन ठेवणं. त्या रिकाम्या जागेतच तुमचे फोटो आहेत. संगणक काही न करता नुसता चालू असतानाच हे काम सुरू होतं, म्हणून "रात्रभर स्कॅन लावून ठेवा" हा सल्ला त्याच संगणकावर धोक्याचा.

काळ्या स्क्रीनवरची ती तपासणी म्हणजे चेकडिस्क, ते टाळलं हे फार बरं केलं. लाइन अचानक गेली की ड्राइव्हवर "तपासणी बाकी" अशी खूण राहते आणि दर वेळी तो प्रश्न येतो. चेकडिस्कला तुमच्या डिलीट झालेल्या फाइलींशी घेणंदेणं नाही, त्याला ड्राइव्हचा हिशेब जुळवायचा असतो. तो नोंदी दुरुस्त करतो, अर्धवट सापडलेले तुकडे "फाउंड" नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फाइली करून टाकतो, आणि हे सगळं त्याच डिस्कवर लिहितो. ड्राइव्हची प्रत, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून होईपर्यंत त्याला हो म्हणायचं नाही.

तुमच्या बाजूची एक गोष्ट: फोल्डर साध्या हार्ड डिस्कवर होतं. हेच सी ड्राइव्हवर, म्हणजे एसएसडीवर असतं तर बोलायला फारसं काही उरलं नसतं. एसएसडीला विंडोज डिलीटनंतर ट्रिमची सूचना देते, एसएसडी ती जागा आतून साफ करते आणि मग कोणतंही सॉफ्टवेअर वाचलं तरी शून्यच दिसतात. काही नव्या शिंगल्ड म्हणजे एसएमआर हार्ड डिस्काही (त्यांत मजकुराचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात) ट्रिम मानतात. मॉडेल नंबर डिस्कच्या लेबलवर आहे, तो इथे टाका.

आता काम.

प्लग काढा, डबा उघडा, त्या १ टीबी डिस्कच्या दोन्ही केबली काढा, डिस्क बाहेर घ्या. सॅटा ते यूएसबी अडॅप्टर लागेल. ३.५ इंची डिस्क यूएसबीच्या करंटवर फिरत नाही, म्हणून १२ व्होल्टचा वेगळा चार्जर सोबत येतो तोच घ्या, आणि यूएसबी ३ चा घ्या. १ टीबी वाचायला यूएसबी ३ वर अडीच-तीन तास लागतात, यूएसबी २ वर आठ-नऊ.

डिस्क लॅपटॉपला लावण्याआधी लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर सुरू करा. सिस्टिमरेस्क्यू नावाचं एक आहे, डाउनलोड साधारण एक जीबीच्या घरात, हॉटस्पॉटवर होऊन जाईल. रूफसने ते पेनड्राइव्हवर चढवा. त्यात डीडीरेस्क्यू (डिस्कची प्रत काढणारं), टेस्टडिस्क आणि फोटोरेक (डिलीट झालेल्या फाइली काढणारी) तिन्ही आधीपासून असतात. डिस्क लावली की विंडोज तिच्यावर विचारल्याशिवाय लिहिते, हे लिनक्स तुम्ही सांगेपर्यंत डिस्क उघडतसुद्धा नाही.

प्रत ठेवायला ती अर्धी भरलेली ५०० जीबी चालणार नाही. नुसत्या डी ची प्रत ६०० जीबी, आणि काढलेल्या फाइलींना वेगळी जागा. फोटोरेक जुन्या डिलीट झालेल्या फाइलीही उपसून काढतं, त्यामुळे १८० जीबीचे सहज दुप्पट होतात. २ टीबीची डिस्क घ्या, काम झाल्यावर तीच बॅकअपला वापरा. ती एनटीएफएस असू द्या. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि प्रत ही एकच मोठी फाइल असते.

पांढरं_सोनं

प्रत काढायला एवढा खर्च कशाला? लिनक्समधून सरळ डिस्कवरच टेस्टडिस्क चालवलं तर?

डिस्कघर_अमरावती

डिस्क ठणठणीत असेल तर चालतं. ती तशी आहे हे अजून कुणी पाहिलेलं नाही. पहिल्या सॉफ्टवेअरने नाही जमलं तर दुसरं, मग तिसरं, असं प्रत्येक वेळी पूर्ण डिस्क वाचावी लागते. आजारी डिस्क त्यातच बसते. प्रत असली की मूळ डिस्क एकदाच वाचायची आणि कपाटात ठेवायची.

नेरचा_स्टुडिओ

डिस्क बाहेर काढली. अडॅप्टर दारव्ह्यात मिळाला. डिस्क लॅपटॉपला लावून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पाहिली, लगेच काढून घेतली. पिवळं दाखवते, "कॉशन". ०५ समोर सगळे शून्य. सी५ समोर शेवटी १८ आहे. सी६ शून्य. आवाज नेहमीसारखाच. म्हणजे १८ जागा खराब झाल्या का?

सेक्टर_५१२

सी५ चा आकडा त्यात सोळाच्या पद्धतीने, म्हणजे हेक्समध्ये दिसतो. १८ म्हणजे एक सोळा अधिक आठ, २४. सेटिंगमध्ये तो दहाच्या पद्धतीवर आणता येतो.

०५ म्हणजे डिस्कने कायमच्या बाद करून बदललेल्या जागा, त्या शून्य आहेत. सी५ म्हणजे वाचता न आलेल्या, निकाल बाकी असलेल्या जागा. २४ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. आतून ४के (४०९६ बाइटच्या जागा) असलेल्या डिस्कवर आठ-आठचा एक गठ्ठा असतो, म्हणजे प्रत्यक्षात तीनच जागा. लिहिता लिहिता लाइन गेली की अशा जागा तयार होतात: मजकूर अर्धा लिहिला गेला, पडताळणीचा कोड जुळत नाही, म्हणून वाचता येत नाही. त्यावर पुन्हा लिहिलं की बऱ्याचदा त्या ठीक होतात, पण आत्ता लिहायचं नाही.

आकडा लहान आहे, आवाज ठीक आहे, म्हणून घरी प्रत काढायला हरकत नाही. मात्र आता डीडीरेस्क्यूच हवं, साधं कॉपी नको. विंडोज खराब जागेवर अडकून तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि हेड, म्हणजे डिस्कमधलं वाचणारं टोक, तिथेच अडकून राहतं.

डीडीरेस्क्यूला तीन नावं द्यायची असतात, याच क्रमाने: मूळ डिस्क, प्रतीची फाइल, नोंदवहीची फाइल. पहिली दोन उलटी झाली तर मूळ डिस्क पुसली जाते, म्हणून आधी डिस्कांची यादी काढा आणि आकार व सिरियल नंबर लेबलशी ताडून पाहा. दोन्ही डिस्का एकाच आकाराच्या घेऊ नका, तेवढ्यानेच निम्मी चूक टळते.

पहिली फेरी छोट्या "एन" पर्यायाने: चांगल्या जागा भराभर उचलायच्या, खराब जागा ओलांडायच्या. ती संपल्यावर दुसरी फेरी छोटा "डी" आणि छोटा "आर" तीन देऊन: उरलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न. नोंदवहीची फाइल दिली असेल तर मध्येच लाइन गेली तरी तीच आज्ञा परत द्या, जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होतं. नोंदवही दिली नाही तर पहिल्यापासून. खेड्यात हे काम करताना ती फाइल सगळ्यात महत्त्वाची.

लॅपटॉपला बॅटरी आहे, पण ३.५ इंची डिस्क भिंतीच्या करंटवर आहे हे विसरू नका. अडॅप्टरचा चार्जर यूपीएसवर लावा. नुसती एक डिस्क म्हणजे फार थोडा भार, दुकानातला छोटा यूपीएससुद्धा तिला बराच वेळ ओढतो.

मे महिन्याचं ऊन आहे, म्हणून हेही. बहुतेक डेस्कटॉप डिस्का ६० अंशांपर्यंत चालायला बनवलेल्या असतात. बाहेर ४५ असताना बंद खोलीत सलग तीन तास वाचन केलं की ५० पार जायला वेळ लागत नाही. टेबलावर आडवी, खाली लाकूड किंवा पुठ्ठा, बाजूने टेबलफॅन. ५५ च्या वर गेली तर थांबवून थंड होऊ द्या. कूलरच्या तोंडाशी ठेवू नका. दमट हवा आणि तुषार उघड्या सर्किटवर नको. पहाटे केलं तर सगळ्यात चांगलं.

टकटक आवाज आला, डिस्क फिरून थांबायला लागली किंवा आकार शून्य दाखवला तर त्या क्षणी करंट काढा. हेड बिघडल्याची ती खूण आहे, तिथं सॉफ्टवेअरचं काम संपलं. फ्रिजमध्ये ठेवणं, झाकण उघडणं, दुसऱ्या डिस्कचं सर्किट लावणं यातलं काही करायचं नाही. फ्रिजमधून काढल्यावर प्लेटवर दव धरतं. सर्किटवर त्या डिस्कची स्वतःची माहिती असलेली छोटी चिप असते, ती न हलवता सर्किट बदललं की डिस्क चालत नाही.

वऱ्हाडी_माउस

राजेहो, डिस्कचं चालू द्या, पन बाकीच्या जागा पाहल्या का? फोटो काही एकाच ठिकानी नसते.

पयले कॅमेऱ्याचे कार्ड. जेवढे कार्ड या सीझनमधी वापरले, ते आत्ताच बाजूला काढा अन् त्याच्या कडेचं लॉक खाली करा. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट तं फक्त यादी कोरी करते, फोटो तसेच राहते. पुढच्या लग्नाचे फोटो जेवढ्या जागेवर पडले तेवढेच गेले. कॅननमधी लो लेव्हल फॉरमॅटवर टिक केली असंन तं मात्र हात टेका. अन् कार्डावरून फोटो लय चांगले निघते, काहून की कॅमेरा एकामागून एक सरळ लिहीत जाते, तुकडे कमी पडते.

मंग गिऱ्हाइकाले दिलेले पेनड्राइव्ह. अल्बम छापाले लॅबले पाठवलेल्या जेपीजी, त्या मेलमधी नाहीतं लिंकमधी पडून असंन. गुगल ड्राइव्हवर काही होतं अन् तिथून डिलीट झालं असंन तं ट्रॅशमधी ३० दिवस राहते. गुगल फोटोजमधी बॅकअप झालेला फोटो ६० दिवस.

एक्सेलसाठी सी ड्राइव्हवर ऑफिसचं अनसेव्ह्ड फाइल्सचं फोल्डर पाहा. पन तो सी ड्राइव्ह वेगळा आहे, डिस्क काढल्यावर डेस्कटॉप सुरू केला तं चालते.

अन् एक कळकळीनं सांगतो. केंद्रावर लोकाइचे आधार, सातबारा, बँकेचे पासबुक स्कॅन केलेले राहते. ई ड्राइव्हवर ते असंन तं डिस्क कोनाच्याही हाती देऊ नका. डिस्क रिकव्हरीवाल्या लॅबले द्याची वेळ आली तं पावती घ्या, डेटा निघाला नाही तं किती पैसे लागन हे लिहून घ्या. क्रॅक केलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर व्हिडिओखालच्या लिंकवरून उतरवू नका, त्यातून व्हायरस आला तं लोकाइचे कागद जाईन.

नेरचा_स्टुडिओ

२ टीबीची डिस्क आणली. डी ची प्रत झाली, दोन्ही फेऱ्या. शेवटी १२ केबीच्या आसपास वाचता आलं नाही असं दाखवलं. मूळ डिस्क काढून ठेवली. दोन कार्डंही बाजूला काढली, लॉक केली. आता प्रतीवर आधी टेस्टडिस्क की फोटोरेक?

डिस्कघर_अमरावती

१२ केबी म्हणजे तेच २४ सेक्टर. ६०० जीबीत १२ केबी, फार तर एखाद-दोन फोटोंना धक्का. उत्तम.

आधी टेस्टडिस्क, कारण ते एमएफटीच्या नोंदी वाचतं, म्हणजे नावं आणि फोल्डरं शाबूत मिळतात. टेस्टडिस्कला प्रतीच्या फाइलचं नाव देऊन उघडा. प्रत एकाच भागाची असल्याने पार्टिशनचा प्रकार "नन" निवडा, मग ॲडव्हान्स्ड, मग अनडिलीट. डिलीट झालेल्या फाइलींची यादी येईल. छोटा "ए" दाबला की सगळ्या निवडल्या जातात, मोठ्या "सी" ने कॉपी होतात. छोटा "सी" फक्त एकच फाइल कॉपी करतो, इथे बरेच जण फसतात.

ते झालं की लॅपटॉप विंडोजमध्ये आणून डीएमडीईची मोफत आवृत्ती प्रतीवर चालवून पाहा. फोल्डरांची रचना ते टेस्टडिस्कपेक्षा चांगली जुळवतं. मोफत आवृत्तीत एका वेळी एकाच फोल्डरातल्या ४००० फाइलींपर्यंतच काढता येतात, पण एका लग्नाचं एक फोल्डर असेल तर तेवढं पुरतं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरी विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून मोफत मिळतं, पण त्याला ड्राइव्हचं अक्षर लागतं, प्रतीची फाइल सरळ घेत नाही, म्हणून तुम्हाला ते गैरसोयीचं.

दोन्हींत जे मिळालं नाही त्यासाठी फोटोरेक. ते नोंदी बघतच नाही. फाइलीची सुरुवातीची ओळखखूण शोधतं आणि तिथून पुढे उचलतं. म्हणून नावं जातात. सुरू करण्याआधी फाइलींच्या यादीत "एस" दाबून सगळे प्रकार बंद करा आणि फक्त हवे ते चालू करा: जेपीजी, टीआयएफ (कॅननची सीआर२ याच गटात येते), एमओव्ही (एमपी४ यात), पीएसडी, झिप (नवी एक्सेल आतून झिपच असते). पुढे "फ्री" निवडा, म्हणजे फक्त रिकामी जागा चाळली जाईल. "होल" निवडलंत तर असलेल्या फाइलीही पुन्हा निघतील आणि वेगळं करता करता जीव मेटाकुटीला येईल.

निकाल पाचशे-पाचशे फाइलींच्या फोल्डरांत पडतो. "टी" ने सुरू होणाऱ्या फाइली मोठ्या फोटोंच्या आतली छोटी चित्रं आहेत, त्या उडवा. उरलेल्यांना एक्झिफटूलने (फोटोत कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती वाचणारं सॉफ्टवेअर) कॅमेऱ्याची तारीख-वेळ हेच नाव द्या. लग्नाच्या तारखा तुमच्या बुकिंगच्या वहीत असतीलच, त्यावरून कोणतं फोल्डर कुणाचं ते लागतं.

नेरचा_स्टुडिओ

टेस्टडिस्कने बहुतेक जेपीजी अन् पीएसडी नावासकट निघाल्या, एक्सेलही उघडली. दोन लग्नांच्या सीआर२ नावाशिवाय फोटोरेकमधून आल्या. त्यातल्या काही उघडतात पण खालचा अर्धा भाग राखाडी आहे. अन् तीन एमपी४ चालतच नाहीत, आकार मात्र बरोबर वाटते.

सेक्टर_५१२

राखाडी भाग म्हणजे फाइल डिस्कवर दोन तुकड्यांत होती आणि फोटोरेकने पहिल्या तुकड्यानंतर दुसऱ्याच कुणाचा मजकूर जोडला, किंवा तिथे नंतर काही लिहिलं गेलं. कच्चा मजकूर, म्हणजे सीआर२ मधला मूळ रॉ फोटो, परत येणार नाही. पण सीआर२ च्या आत कॅमेऱ्याने स्वतः बनवलेली एक जेपीजी ठेवलेली असते, बहुतेक मॉडेलांत पूर्ण आकाराची, आणि ती फाइलमध्ये कच्च्या मजकुराच्या आधी येते. शेपूट खराब असली तरी ती बऱ्याचदा शाबूत असते. एक्झिफटूलला "प्रिव्ह्यू इमेज" काढायला सांगा, पूर्ण फोल्डरावर एकदाच चालवता येतं. रंग फार सुधारता येणार नाहीत, पण अल्बमला चालेल.

एमपी४ ची गोष्ट उलटी आहे. व्हिडिओची अनुक्रमणिका "मूव्ह" नावाच्या भागात असते आणि बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग संपल्यावर फाइलीच्या शेवटी लिहितात. ती तुटली की आकार बरोबर दिसूनही प्लेअर हात वर करतो. अनट्रंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर ती अनुक्रमणिका नव्याने बनवतं. त्याला नमुना म्हणून एक चांगली फाइल द्यावी लागते: त्याच कॅमेऱ्याची, त्याच रिझोल्यूशनची, त्याच फ्रेमरेटची. मिनिटभराची नवीन क्लिप काढून दिली तरी चालते, फक्त बाजूला काढलेली दोन कार्डं त्यासाठी वापरू नका, वेगळं कार्ड घाला. त्या दोन कार्डांवर आधी फोटोरेक चालवा. तिन्ही व्हिडिओ तिथून अख्खे निघाले तर अनट्रंकची गरजच पडणार नाही.